टप बसत नाही

पुढून बसवला की मागून उचलला जाई, आणि मागून दाबला की पुढच्या काचेतून 'कट्' असा दटावणीचा आवाज येई. ताईने गाडी टेबलावर ठेवली, चष्मा कपाळावर चढवला आणि त्या वीतभर प्लॅस्टिकच्या गाडीकडे अशा नजरेने पाहिलं की तिच्या जागी माणूस असता तर त्याने आपणहून खुर्ची रिकामी केली असती.

"अजून नाही बसला?" नवऱ्याने वर्तमानपत्राआडून विचारलं.

"कोण?"

"टप."

"बसेल. तुम्ही बोलायचं थांबलात की बसेल."

"मी सकाळपासून हा पहिलाच शब्द बोलतोय."

"तेच म्हणतेय मी. तो पहिलाही नको होता."

वर्तमानपत्र पुन्हा वर झालं. नवरा शहाणा होता. त्याला ठाऊक होतं की ताई टपावर चिडलेली नाही, स्वतःवर चिडलेली आहे. आणि स्वतःवर चिडलेल्या बाईच्या वाटेत जो पहिला येतो तो भरडला जातो.

सगळे तिला ताईच म्हणत. सुरुवात धाकट्या भावाने केली होती. मग लॅबमधली माणसं, दातांचे डॉक्टर, दूधवाला असे एकेक सामील होत गेले. नवऱ्यानेही एकदा घाईघाईत तशी हाक मारली होती, आणि त्यानंतर बरेच दिवस त्याला चहा गार मिळत होता. ताई कवळ्या करायची. डॉक्टर ठसा पाठवत, आणि जे तोंड आपण उभ्या जन्मात पाहिलेलं नाही त्या तोंडात चपखल बसेल अशी कवळी ती करून धाडायची. तिने केलेली कवळी कधी परत येत नसे. अशा बाईला आज एका गाडीवर टप बसवता येत नव्हता. चिडू नये तर काय करावं?

डब्यातले सुटे भाग जोडून गाड्यांची मॉडेलं करण्याचा नाद तिला तिशीनंतर लागला. कोणी शिकवलं नाही. दोन-चार डबे नासवून ती आपली आपण शिकली. पुढे असल्याच नादिष्ट लोकांचं एक छोटं स्थानिक मासिक तिच्या हाती लागलं आणि त्यात ती नव्या डब्यांची परीक्षणं लिहायला लागली. मासिकाचे नियम कडक होते. डब्यात जे असेल तेवढंच वापरून गाडी जोडायची. बाहेरचा तुकडा लावायचा नाही, चूक सापडली तर गुपचूप तासून दुरुस्त करायची नाही. वाचणारा घरी जे सोसणार, ते आधी आपण सोसायचं. आणि शेवटी एका शब्दात निकाल द्यायचा: 'घ्या', 'थांबा' किंवा 'सोडा'. ताई 'घ्या' इतकं क्वचित लिहायची की दुकानदार तिच्या 'थांबा'वरही खूश असत.

आता टेबलावरचा हा डबा तिच्या भावाचा होता. भावाने विकत घेतलेला नव्हे, भावाने बनवलेला.

भावाला घरात बारक्या म्हणत. लहानपणी काडीसारखा होता म्हणून. आता तो दारातून येताना जरा तिरपा होऊन येई, पण नाव बदलायला कोणाला सवड झाली नव्हती. बारक्या साचे करायचा. एका कारखान्यात बादल्यांचे, डब्यांच्या झाकणांचे, कंगव्यांचे पोलादी साचे कोरण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं. मग एके दिवशी कंगव्याचा साचा पॉलिश करताना त्याला साक्षात्कार झाला की आपण मरू तेव्हा आपल्यामागे कंगवे उरतील. त्याने नोकरी सोडली, भाड्याची शेड घेतली, एक जुनं मशीन आणलं आणि गाड्यांचे डबे काढायचं ठरवलं. पहिलाच डबा हा. आणि गाडी कुठली, तर बाबांची.

बाबा गाडी चालवायला शिकवत. चार दारांची, गोल पाठीची, समोर क्रोमची जाळी मिरवणारी ती गाडी तेव्हाही जुनीच होती; आता तर तिला 'क्लासिक' म्हणतात. नवा शिकाऊ आला की बाबा बॉनेटवर थाप मारून सांगत, "या गाडीला आजवर एक ओरखडा नाही. तुझ्या हातून पडू देऊ नकोस." हे वाक्य दोघा भावंडांनी इतक्यांदा ऐकलं होतं की पाढे चुकले असते पण हे चुकलं नसतं. बाबा गेले, गाडी उरली. बारक्याने ती शेडमध्ये चादरीखाली ठेवली, आणि डबा काढायची वेळ आली तेव्हा त्याने दुसऱ्या कुठल्या गाडीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ओरखडा नसलेली गाडी घरात असताना बाहेर कशाला शोधायची? इतर साचेवाले गाडीची एक बाजू मोजतात आणि दुसरी तिच्यावरूनच उलटी करून काढतात. बारक्याला ती चोरी वाटे. त्याने दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजल्या, बोल्ट न् बोल्ट.

"खरं तेच लिही हं, ताई," डबा देताना तो म्हणाला होता. "बहीण म्हणून लिहू नकोस. मला खोटी स्तुती नको."

बरोबर आहे. खोटी स्तुती कोणालाच नको असते. सगळ्यांना खरी स्तुती हवी असते, आणि दोष तर खराही नको असतो. ताईने संपादकाला आधीच सांगून टाकलं होतं की हा माझा सख्खा भाऊ. संपादक म्हणाला, "नातं पहिल्या ओळीत लिहा आणि दुसऱ्या ओळीपासून विसरा." इतकं सोपं असतं तर घराघरांतली भांडणं केव्हाच संपली असती.

या अंकात 'घ्या' आलं तर दुकानं माल उचलणार होती. 'सोडा' आलं तर बारक्या पुन्हा कंगव्यांपाशी जाणार होता, आणि आता तर ते त्याला घेणारही नव्हते. जाताना त्याने साहेबाला कंगव्यांविषयीचं आपलं मत ऐकवलं होतं.

म्हणून ताईचा जीव त्या टपात अडकला होता.

बाकी डबा बघण्यासारखा होता. स्टिअरिंग केसासारखं बारीक आणि तरी न मोडणारं. सीटवरच्या शिलाईचे टाके भिंगातून मोजून घ्यावेत असे. चाकांची झाकणं टिचकन बसली तेव्हा ताई एकटीच "वा रे पठ्ठ्या" म्हणाली होती. शेजारच्या सीटपुढे एक जादा ब्रेक निघाला, बाबांचा. कंपनीच्या गाडीत तो नव्हता आणि परीक्षणात ते लिहावं लागणार होतं, पण तेवढ्याने डबा बुडत नाही. बुडवत होता तो टप.

तिने आधी बोटांना दोष दिला. मग डिंकाला. मग दोन्ही बाजू सोडवून, घासून, पुसून पुन्हा लावल्या. उजवी बाजू गाडीच्या तळावर नीट उभी राही. डावी मागच्या चाकापाशी जराशी फुगे, रुसलेल्या पोरासारखी. शेवटी, कोणी बघत नाही असं पाहून, मासिकाचा नियम मोडून, तिने डाव्या कडेवरून पॉलिश पेपर फिरवला. टप मागे बसला आणि दाराच्या वर फट पडली. डब्यातल्या पत्रकात बारक्याने लिहिलं होतं, 'टप हलक्या हाताने दाबून बसवावा.' तिने हलक्या हाताने दाबला. मग मध्यम हाताने दाबला. मग ज्या हाताने दाबला त्याला कुठलंच विशेषण लावता आलं नसतं, आणि मागची काच मधोमध तडकली.

तिने फोन लावला.

"बारक्या, टप बसत नाही."

"जरा दाब."

"दाबला. मागची काच गेली."

"मग जास्त दाबलास."

"जरा म्हणजे किती?"

"जरा म्हणजे जरा! तू कवळी दाबून बसवत नाहीस का?"

"कवळी दाबून बसवली तर माणूस ओरडतो."

"प्लॅस्टिक ओरडत नाही."

"म्हणून मी ओरडतेय!" असं म्हणून ताईने फोन ठेवला. नवरा वर्तमानपत्र घेऊन दुसऱ्या खोलीत गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बारक्या स्वतः नवा डबा घेऊन आला, तोंड असं करून की जणू डॉक्टर पेशंटच्या घरी येतोय. ताईने या खेपेला डिंकाची बाटली उघडलीच नाही. लॅबमधून आणलेला व्हर्नियर काढला, आणि डावी आणि उजवी बाजू नुसत्या शेजारी शेजारी ठेवून मागच्या दारापासून शेपटापर्यंत मोजल्या. एकदा मोजल्या, भिंग लावून पुन्हा मोजल्या.

डावी लांब होती. एक मिलिमीटर आणि वर थोडंसं.

"बघ," तिने व्हर्नियर त्याच्यासमोर धरला.

बारक्याने बघितलं. त्याचे कान लाल झाले. लहानपणापासून आधी कानच लाल व्हायचे. "तू गरम पाण्यात टाकलंस. प्लॅस्टिक ताणलं गेलं."

"आत्ता तुझ्यासमोर डबा फोडलाय. पाणी कुठे दिसतंय तुला?"

"मग मशीनमधून निघताना एखादा नग असा येतो."

"पहिलाही असाच होता. तूही जोडला असशील ना एखादा? तो कसा बसला?"

"जरा दाबावं लागलं," तो म्हणाला.

"बारक्या, तुझं माप चुकलंय."

"माझं?" तो उभा राहिला, आणि तो उभा राहिला की खोली लहान व्हायची. "ताई, मला काहीही बोल. जाडा बोल, मूर्ख बोल. मोजण्यावर जाऊ नकोस. उभ्या गाडीवरून घेतलंय मी, दोन्ही बाजूंनी! आणि गाडी कुठली? बाबांची! जिला जन्मात एक ओरखडा नाही!"

कोपऱ्यात आई मटार सोलत बसली होती. आई ताईकडेच राहायची. तिची कवळी ताईनेच केली होती, आणि आई ती फक्त जेवताना आणि भांडताना लावायची. एरवी ती वाटीत असे. आता तिने मटारचं ताट बाजूला ठेवलं, वाटी ओढली आणि कवळी बसवली. बारक्या पटकन खाली बसला.

"कोणत्या गाडीला ओरखडा नाही म्हणालास?"

"आपल्या. बाबांच्या."

"खरंय," आई म्हणाली. "ओरखड्यावर भागायचं कुठे? सगळी बाजूच जायची."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? शिकवणीची गाडी ती. शिकाऊ माणसं तिला ठोकणार नाहीत तर काय कुरवाळणार? शिकवायच्या मैदानाच्या फाटकाचा खांब डाव्या अंगाला होता. वळायला शिकलं की पहिला मान त्याचा."

"आई, बाबा तर गाडी सर्व्हिसिंगला नेतो म्हणायचे," ताई म्हणाली. तिचा स्वर लहान मुलीसारखा झाला होता.

"सर्व्हिसिंगच ते. हातोड्याचं. तुम्ही झोपलात की न्यायचे आणि तुम्ही उठायच्या आत आणायचे. एकदा तर मागचा सगळा पत्राच नवा बसवला. त्या गाडीचा मिळेना, दुसऱ्याच कुठल्या गाडीचा आणला. पुढे महिनाभर बघायचे उलटसुलट, डोळा तिरपा करून. मला विचारायचे, कळतं का गं? मी म्हटलं, तुम्ही असे बघत उभे राहिलात तर आंधळ्यालाही कळेल."

"आणि तू आम्हाला कधी सांगितलं नाहीस!" बारक्या ओरडला.

"तुम्ही कधी विचारलंत?" आई म्हणाली, आणि मटारचं ताट पुन्हा पुढ्यात घेतलं.

बारक्याचा विश्वास बसेना. फ्रिजवरचा चुंबक खिशात टाकून तो दोघींना घेऊन शेडवर गेला. गाडीवरची चादर काढली. उजव्या बाजूला चुंबक लावला, तो टक्कन चिकटला. डावीकडे मागच्या चाकाजवळ लावला, तो घसरून पडला. त्याने उचलून जरा वर लावला, पुन्हा पडला. ताईने डाव्या पत्र्यावरून तळहात फिरवला. कवळीच्या टाळूवरून रोज फिरणारा हात तो; रंगाखाली खड्डे बुजवायला भरलेली पुट्टी कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते त्याला लगेच कळलं. तिने बोटाने टकटक केली. उजवीकडे पत्रा पत्र्यासारखा वाजत होता, डावीकडे भिंतीसारखा.

आईने गाडीला एक फेरी मारली. "ही शिंपीणबाईची जागा. इथे तो बँकेतला, उंच. इथे कोण बरं? हां, तुझे गणिताचे मास्तर," ती बारक्याला म्हणाली. "दोनदा. तरी तुला नापास करायचे."

एरवी बारक्या हसला असता. तो आपल्याच गाडीच्या पायरीवर बसला आणि चुंबक या हातातून त्या हातात करत राहिला. "म्हणजे मी बरोबर मोजलं," तो शेवटी म्हणाला. "अगदी बरोबर मोजलं, आणि म्हणून चुकलं."

ताईला वाटलं, याच्या डोक्यावरून हात फिरवावा. पण त्याआधीच तो ताडकन उठला.

"थांब. सुटेल हे. साचा पोलादाचा असतो. तो आणखी कोरला की त्यातून निघणारा भाग मोठा होतो. कोरलेलं परत भरता येत नाही. म्हणजे डावी बाजू लहान करायची तर साचा पहिल्यापासून नवा हवा, आणि तेवढे पैसे माझ्याकडे आता नाहीत. पण उजवी मोठी करणं सोपं! उजवीही तेवढीच लांब केली की झालं. दोन्ही सारख्या. टपही जरासा कोरतो. एका दिवसाचं काम."

"आणि?"

"आणि काय? टप बसेल! तुला तोच बसवायचा होता ना? तू फक्त थोडं थांब, मी नवे नग काढून देतो, त्यावर लिही."

ताईने खरोखरच क्षणभर विचार केला. तिच्या डोळ्यांसमोर तो टप आला, टिचकन बसलेला, चारी बाजूंनी फट नाही. बोटांना नुसत्या कल्पनेनेच सुख झालं. कोणाला कळणार होतं? मिलिमीटरभर लांब गाडी बघून कोणाच्या पोटात दुखणार होतं?

"नाही," ती म्हणाली.

"का?"

"दोन्हीकडे सारखं चुकलं म्हणजे बरोबर होत नाही, बारक्या. फक्त पकडलं जात नाही. मग ती कंपनीची गाडी नाही, आणि बाबांचीही नाही. कुठलीच नाही. आणि मी ते लिहीन."

"तू बहीण आहेस का कोण आहेस गं?"

"तूच म्हणालास, बहीण म्हणून लिहू नकोस."

"ते बोलायची पद्धत असते!" शेडचा पत्रा दणाणला. "तुझं काय जातंय? तुझ्या कवळ्या उद्याही विकल्या जातील. मी कुठे जाऊ? लिही मग. लिही, बारक्याला मोजता येत नाही. एवढंच लिही आणि मोकळी हो. पण बाबांचं नाव त्यात आणलंस तर बघ. मासिक वाचणारे निम्मे लोक त्यांच्याकडेच गाडी शिकलेत. ओरखडा नाही, ओरखडा नाही म्हणत गेले ते, आणि आता पोरगी छापून सांगणार की थापा होत्या?"

"तुला मोजता येत नाही हे खोटं आहे. मी खोटं लिहू?"

"माझ्याबद्दल आहे ना? चालेल मला!"

"मला नाही चालणार!"

आई गाडीला टेकून उभी होती. "झालं तुमचं? पाय दुखतात माझे." तिने बारक्याला हात दिला. "हे बघ, थापा नव्हत्या त्या. मीही भांडले होते त्यांच्याशी याच्यावरून. ते म्हणाले, शिकायला आलेल्याला कळलं की मास्तरची गाडी रोज ठोकली जाते, तर तो घाबरतो, आणि घाबरलेला माणूस जास्त ठोकतो. म्हटलं, बरं, मग घरात पोरांना तरी खरं सांगा. तर म्हणाले, घरी एक आणि बाहेर एक बोललं की जिभेचा गोंधळ होतो." ती ताईकडे वळली. "लिहायचं तर लिही गं. शिकायचे ते शिकून गेले. आता कोण घाबरणारे?"

बारक्याने आईला हात धरून घरापर्यंत सोडलं. ताईशी एक शब्द बोलला नाही, आणि दारातूनच वळला.

पुढचे काही दिवस वाईट गेले. ताईने गाडी जशी जोडली गेली तशी जोडली, मागे उचललेल्या टपासकट, आणि तिचा फोटो काढला. फोटोत ती गाडी टोपी वाऱ्याने उडत असलेल्या गृहस्थासारखी दिसत होती. लॅबमध्ये एक कवळी परत आली. इतक्या वर्षांत पहिली. डॉक्टरने चिठ्ठी लावली होती, 'ताई, बरं नाही का?' ताईने ती कवळी पुन्हा केली आणि घरी येऊन सगळ्यांवर चिडली. नवऱ्याने विचारलं, "मी काही करू का?" ती म्हणाली, "तुम्ही टप बसवून दाखवा." त्याने बिचाऱ्याने प्रयत्नही केला.

लेख चारदा लिहिला. पहिल्यात बारक्या मूर्ख वाटत होता, दुसऱ्यात बाबा लबाड, तिसऱ्यात ती स्वतः साध्वी. तिसरा सगळ्यात आधी फाडला. चौथा तिने आईला वाचून दाखवला. आईने कवळी न लावताच मान हलवली, म्हणजे भांडण नव्हतं. मग तिने बारक्याला निरोप धाडला: 'छापायला देण्याआधी वाचून जा. तुझा हक्क आहे.'

तो येईल असं तिला वाटलं नव्हतं. तो आला. तिरपा होऊन आत आला, चहाला नको म्हणाला, पाण्याला नको म्हणाला, टेबलाशी बसला आणि हात पुढे केला. ताईने कागद दिला आणि काहीतरी करायचं म्हणून पॉलिश पेपरचे तुकडे आकाराप्रमाणे लावत बसली.

कागदावर पहिल्या ओळीत नातं होतं. मग स्टिअरिंग होतं, शिलाईचे टाके होते, चाकांची झाकणं होती, आणि असं काम आपल्या बघण्यात दुसरं नाही हे होतं. मग लिहिलं होतं: 'टप बसत नाही. दाबून बसवू नका, काच जाईल. गाडीची डावी बाजू उजवीपेक्षा सुमारे एक मिलिमीटर लांब आहे. साचेकाराचं माप चुकलेलं नाही. ज्या गाडीवरून त्याने माप घेतलं ती आमच्या वडिलांची शिकवणीची गाडी होती, आणि तिची डावी बाजू शिकाऊ लोकांनी इतक्यांदा ठोकली होती की मागचा पत्रा दुसऱ्याच गाडीचा लावलेला होता. वडिलांनी हे आम्हा मुलांनाही कळू दिलं नाही. त्यांच्याकडे शिकलेल्यांनी आपापली जागा डाव्या बाजूवर शोधावी. डाव्या बाजूचा साचा नवा होईपर्यंत माझा निकाल: थांबा.'

बारक्या वाचत होता. 'शिकवणीची'पाशी त्याचे कान लाल झाले. 'दुसऱ्याच गाडीचा'पाशी त्याने नाकातून जोराने श्वास सोडला. 'आपापली जागा'पाशी तो थांबला. ताईला वाटलं आता कागद फाटणार. तो फाटला नाही. बारक्या परत वर गेला आणि एका ओळीवर त्याने बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

"कुठलं?" ताई सावध झाली. "हे बघ, बाबांचं मी काढणार नाही. आईला विचारलंय."

"ते नाही. हे. 'सुमारे एक मिलिमीटर'."

ताईने पॉलिश पेपरचा एक तुकडा उगाच उलटा करून ठेवला.

"व्हर्नियरवर किती पाहिलंस तू?"

"एक. आणि थोडं."

"थोडं म्हणजे? तुझ्या कवळ्या थोड्या बसतात का? सव्वा आहे ते. तुला माहीत आहे सव्वा आहे." त्याचा आवाज चढला. "गाडीवर तीन सेंटिमीटर भरतात, चोविसाव्या हिश्श्याने सव्वा येतात. मी स्वतः मोजलेत. माझ्यावर दया म्हणून पाव मिलिमीटर खाल्लास तू?"

"भाऊ आहेस म्हणून खाल्ला," ताई म्हणाली. "एवढंही खाऊ नये का?"

"नाही खायचा. लोक म्हणतील याला तीन सेंटिमीटरसुद्धा धड मोजता आले नाहीत. सव्वा लिही."

ताईने पेन घेतलं, 'सुमारे एक' खोडलं आणि वर 'सव्वा' लिहिलं.

"अजून काही?"

"अजून काही नाही," बारक्या म्हणाला. पण कागद त्याने खाली ठेवला नाही. खुर्ची टेबलाशी ओढून घेतली, तिच्या हातातून पेन काढून घेतलं आणि आणखी कुठे तिने त्याला सोडून दिलंय का ते बघायला पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागला.